फोटोला नंबर दिला, फोटोवर बोललोच नाही

प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं मी शाळेत फोटोंची स्पर्धा घेतली आणि पहिलं बक्षीस एका 'गुड मॉर्निंग'च्या फोटोला देऊन बसले. चूक माझीच. कशी झाली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कोरडा उपदेश वाटणार नाही.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सूचना टाकली होती: 'निसर्गाचा किंवा आपल्या परिसराचा एक सुंदर फोटो पाठवा. पहिल्या तीन फोटोंना बक्षीस.' एवढंच. तिसरी-चौथीच्या लेकरांचे मिळून चाळीसेक फोटो आले. मी आणि एक सहकारी सर, दोघांनी मधल्या सुट्टीत मोबाईलवर बोट सरकवत ते पाहिले. दहा मिनिटं लागली असतील. तळ्यातलं कमळ, मागं लालभडक सूर्य, पाण्यावर धुकं असा एक फोटो होता. दोघंही 'वा!' म्हणालो आणि पहिला नंबर ठरला. दुसरा मोराचा, तिसरा इंद्रधनुष्याचा. जानेवारीत इंद्रधनुष्य कुठून आलं, हेही आमच्या डोक्यात आलं नाही. ध्वजवंदनानंतर नावं पुकारली, टाळ्या झाल्या, कंपासपेट्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी नातवाला सोडायला आलेली एक आजी फळ्याजवळ लावलेले फोटो बघत उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, हे कमळ तर माह्याबी मोबाईलात येतंय की. रोज सकाळी येतंय." खाली लिहिलेलं 'शुभ सकाळ' तेवढं कुणीतरी कापलेलं होतं.

मला आधी राग आला तो त्या मुलाचा. चौथीतलं पोरगं. जवळ बोलावून विचारलं, "हा फोटो तू काढलास का?" तो अजिबात न घाबरता म्हणाला, "नाही मॅडम, पप्पाच्या मोबाईलात होता. तुम्हीच म्हणलात, सुंदर फोटो पाठवा." खरं होतं. मी 'पाठवा' म्हटलं होतं, 'काढा' म्हटलं नव्हतं. त्यानं सूचना तंतोतंत पाळली होती.

त्याच चाळीस फोटोंत एक फोटो आम्ही एका सेकंदात पुढं ढकलला होता. वाकडा, अंधारा, कोपऱ्यात बोट आलेलं. तिसरीतल्या एका मुलीचा. आजी गेल्यावर तो मी मोठा करून नीट पाहिला. घरातली खोली कापसानं पत्र्यापर्यंत भरलेली, आणि त्या गंजीवर पार वर, पत्र्याला डोकं टेकेल इतक्या उंचीवर, तिची लहान बहीण झोपलेली. चेहरा दिसत नाही. कपाळ आणि एक हात दिसतो. ज्यांच्याकडं कापूस पिकतो त्यांना हा फोटो समजावून सांगावा लागत नाही. आभाळ आलं की वावरातला कापूस घरात येतो, भाव वाढायची वाट बघत महिनोन् महिने घरातच राहतो, आणि माणसं त्याच्या कडेकडेनं राहतात. त्यानं अंगाला खाजही सुटते.

बक्षीस वाटून झाल्यावर त्या मुलीनं मला विचारलं होतं, "मॅडम, माहा फोटो का नाही आला?" मी म्हणाले होते, "पुढच्या वेळी अजून छान काढ."

'अजून छान' म्हणजे काय, हे मला तरी ठाऊक होतं का? निबंधाच्या वहीत आपण निदान लाल पेनानं काहीतरी लिहितो. शब्द चुकला, वाक्य तुटलं, मुद्दा सुटला. चित्रकला, रांगोळी, वेशभूषा आणि आता फोटो, ह्या स्पर्धांमध्ये मात्र आपण फक्त नंबर सांगतो. पहिला का आला ते पहिल्याला कळत नाही, आणि का राहिलो ते राहिलेल्या सदतीस जणांना कळत नाही. मी डी.एड. करून शाळेवर आले तेव्हापासून अशा कितीतरी स्पर्धा घेतल्या, तालुक्याला लेकरं घेऊन गेले. एकाही ठिकाणी परीक्षकांनी लेकरांसमोर कारण सांगितलेलं मला आठवत नाही. मीही कधी सांगितलं नाही.

माझ्या मते बिघाड इथंच आहे. हा बिघाड दुरुस्त करायची रीत हौशी फोटोग्राफरांच्या क्लबांनी कधीचीच शोधून ठेवली आहे, आणि आपण शाळावाल्यांनी त्यांच्याकडून घ्यायची ती नेमकी हीच गोष्ट आहे. आपण मात्र त्यांच्याकडून घेतो काय, तर बक्षीस.

असे क्लब चालतात कसे, ते थोडक्यात सांगते. सभासद म्हणजे बँकेतले, दवाखान्यातले, दुकानातले, शिक्षक, निवृत्त माणसं. पोटापाण्याचा धंदा दुसराच. महिन्याला एखादा विषय ठरतो: सावली, हात, पावसातला रस्ता, असं काही. कधी सगळे मिळून पहाटे एखाद्या घाटावर, बाजारात, तळ्याकाठी फोटो काढत फिरतात. मग ठरल्या संध्याकाळी जमतात. फोटो पडद्यावर किंवा भिंतीवर लागतात, काढणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं. बाहेरून बोलावलेला जाणकार एकेका फोटोपुढं थांबून सगळ्यांच्या देखत बोलतो. नजर आधी कुठं जाते, कुठं अडते, डावीकडचा खांब कशाला आला, क्षितिज का कलंडलं, दोन पावलं पुढं गेला असता तर काय झालं असतं. गुण शेवटी. ज्याचा फोटो असतो तो अंधारात बसून ऐकत असतो. ऐकताना कान लाल होतात म्हणे. पण पुढच्या महिन्यात तोच माणूस क्षितिज सरळ ठेवून येतो.

ही रीत आपल्याकडं नवी नाही. मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' १८५४ साली स्थापन झाली. पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी फोटो काढण्याची कृती जगासाठी खुली झाली, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. (आपण शाळेत १९ ऑगस्टला जो छायाचित्रण दिन साजरा करतो तो ह्याचाच.) लंडनची सोसायटी मुंबईच्या फक्त एक वर्ष आधीची. मुंबईच्या सोसायटीत इंग्रज अधिकारी होते तसे आपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. दोघांचा धंदा वैद्यकीचा, फोटो ही हौस. सगळ्यात गंमत म्हणजे १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपल्याकडचे सुरुवातीचे छायाचित्रकार त्या वर्गात शिकले. म्हणजे आपल्याकडं कॅमेरा आला तो जवळजवळ शाळेचा हात धरूनच आला. पुढं १९३७ साली मुंबईतच 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' निघाली, ती हौशी लोकांचीच.

त्या काळी एक फोटो म्हणजे काचेची पट्टी, रसायनं, अंधारी खोली, तासाभराचा खटाटोप. त्यामुळं काढण्याआधी माणूस दहादा विचार करायचा आणि काढल्यावर त्यावर तासभर बोलायचा. आता मोबाईलवर एका मिनिटात वीस निघतात. काढणं इतकं सोपं झालं की बोलणं बंद पडलं.

इथं आपल्या शिक्षकांबद्दलही एक बोलून घेते. राज्यात सगळ्यात जास्त फोटो काढणारे हौशी लोक कोण असतील, तर ते आपणच. खिचडी शिजली की फोटो. झाड लावलं की झाडासकट फोटो. हात धुवा दिन, वाचन दिन, रॅली, माता पालक सभा, सगळ्याचे फोटो आणि सगळे अपलोड. २०१६ साली तर लेकरांसोबत सेल्फी काढून चढवायचा आदेश निघाला होता आणि शिक्षकांनी त्याला विरोध केला होता, ते आठवत असेल. माझ्या मोबाईलात हजारो फोटो आहेत आणि त्यातला एकही मी बघण्यासाठी काढलेला नाही, पुराव्यासाठी काढलेला आहे. लेकरं हे रोज बघतात. मॅडम फोटो काढतात म्हणजे सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, हात वर करायचा, हसायचं. फोटो म्हणजे काय ह्याचा पहिला पाठ त्यांना आपल्याकडूनच मिळतो, आणि तो हा आहे.

तर मी काय केलं ते सांगते. आधी परिपाठाला उभं राहून सांगितलं की नंबर देताना माझं चुकलं. कंपासपेट्या परत घेतल्या नाहीत, कारण नियम मी लिहिला नव्हता. हे सांगणं जड गेलं. सहकारी सरांचं म्हणणं होतं की जाऊ द्या मॅडम, लेकरं विसरून जातील. पण अशी चूक मोठमोठ्यांचीही होते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव फोटो स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च बक्षीस मिळालं होतं. तो लांडगा रानातला नसून बहुधा माणसाळवलेला होता असं परीक्षकांचं मत झालं, आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांनी ते बक्षीस जाहीरपणे रद्द केलं. छायाचित्रकाराला ते मान्य नव्हतं. २०१८ साली त्याच स्पर्धेत आधीच्या वर्षी बक्षीस मिळालेला मुंगीखाऊचा फोटो बाद झाला, कारण फोटोतला प्राणी पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. जगातली इतकी नावाजलेली स्पर्धा चारचौघांत 'आमचं चुकलं' म्हणते, तर मला परिपाठात म्हणायला काय हरकत होती?

मग चाळीसपैकी लेकरांनी स्वतः काढलेले फोटो वेगळे केले. सतरा निघाले. एका शनिवारी शाळेतल्या टीव्हीवर ते एकेक करून लावले, दारंखिडक्या लावून घेतल्या आणि तालुक्याच्या गावाहून एका फोटो स्टुडिओवाल्या दादांना बोलावलं. लग्नाचे, जावळाचे, शेंडीच्या कार्यक्रमाचे फोटो काढणारा साधा माणूस. त्यांना एवढंच म्हटलं, नंबर काढायचा नाही, फक्त बोलायचं. नावं झाकलेली. आधी लेकरांनी सांगायचं काय दिसतंय, मग दादांनी, आणि सगळ्यात शेवटी ज्यानं काढला त्यानं.

पहिले दोन-तीन फोटो शांततेत गेले. लेकरांना सवय नाही, मॅडमला काय उत्तर पाहिजे ते शोधत बसतात. चौथा फोटो बैलाच्या डोळ्याचा होता, अगदी जवळून काढलेला. एक पोरगं ओरडलं, "डोळ्यात कोणतरी हाय!" खरंच बैलाच्या बुबुळात मोबाईल धरलेला मुलगा दिसत होता, तांदळाएवढा. मग काय, वर्ग सुटलाच. "त्यो बैल हालला नाही का?" "किती जवळ गेलता?" "तुला भ्या नाही वाटलं?" फोटो काढणारा उठून सांगायला लागला की तो रोज त्या बैलाला वैरण टाकतो, म्हणून बैल गप्प उभा राहिला. दादा म्हणाले, "हे लक्षात ठेवा रे. मोठ्ठी लेन्स असलेल्या माणसाला हा फोटो मिळाला नसता, बैलानं त्याला जवळच येऊ दिलं नसतं."

विहिरीच्या फोटोला ते म्हणाले, "बाळा, सूर्य तुझ्या समोर होता. सकाळी गेला असतास तर पाणी दिसलं असतं." मुलगा म्हणाला, "सकाळी मोटर चालू असती, आई जाऊ देत नाही." दादांनी मान डोलावली.

आणि मग कापसाचा फोटो आला. दादा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अगदी बरोबर तो प्रश्न विचारला जो कुठलाही फोटोग्राफर विचारेल: "फार अंधार आहे. दार उघडून का नाही काढला?"

ती मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "दार उघडलं असतं तर ती उठली असती."

मागं बसलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "आमच्यातबी हाय कापूस. आम्ही ओट्यावर झोपतो." मग अजून दोघातिघांनी सांगितलं. दहा मिनिटं वर्ग कापसावर बोलत होता. कोणाच्या घरात किती दिवसांपासून आहे, व्यापारी काय म्हणतो, आजोबाला कशी खाज सुटते. चित्रवर्णन लिहायला दिलं की 'हे बागेचे चित्र आहे. बागेत झाडे आहेत. मुले खेळत आहेत.' अशा तीन वाक्यांवर थांबणारी ही लेकरं. त्यातली निम्मी कधी बागेत गेलेली नाहीत. सोमवारी मी त्यांना त्यांच्याच फोटोवर लिहायला दिलं, तर पान उलटून मागं लिहिलं. शुद्धलेखन होतं तसंच होतं, खोटं सांगत नाही. पण लिहायला काहीतरी होतं.

तो अंधार त्या मुलीनं जाणूनबुजून ठेवला होता. आम्ही दोघा शिक्षकांनी त्याच अंधारासाठी फोटो बाद केला होता. विचारलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. लेकरांच्या कामाला नंबर देण्याआधी त्यांना बोलू द्या असं मी म्हणते, त्याला माझ्याकडं हा एवढा एकच पुरावा आहे आणि मला तो पुरेसा वाटतो.

गोष्ट इथंच संपली असती तर मी हा लेख खूप आनंदात लिहिला असता. पण मंगळवारी त्या मुलीची आई शाळेत आली. वावरातून तशीच आलेली, डोक्याला रुमाल. आवाज चढवला नाही, पण रागात होती. "मॅडम, आमच्या घरातला पसारा साऱ्या शाळेला दाखवायची काय गरज होती? लोक म्हणतील, ह्यांना लेकरं झोपवायला जागा नाही."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी फोटोचं कौतुक करायला लागले, तर त्या म्हणाल्या, "फोटो चांगला असंल हो. घर आमचं आहे."

ह्यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि तो विचार मला आमच्या अंतरवाली सराटीत घेऊन गेला. आमच्या भागातल्या लेकरांना कॅमेरा काय असतो ते सांगावं लागत नाही. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण अंतरवालीत सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतर कितीतरी महिने वडीगोद्रीकडून येणाऱ्या रस्त्यानं चॅनेलच्या गाड्या येत राहिल्या. राजकारणाचं बोलणं इथं नको, त्याला दुसऱ्या जागा आहेत. पण एक पाहिलेलं सांगते. तेव्हा अंगणवाडीत असलेली लेकरं काठीला रुमाल गुंडाळून माईक करायची आणि एकमेकांना विचारायची, "तुम्हाला काय वाटतं?" बाकीची मागं उभी राहून हात हलवायची. आपलं गाव फोटोत कसं दिसतं हे ह्या लेकरांनी बाहेरच्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. तेच खोटं होतं असं मी म्हणत नाही. लाठीमाराचे फोटो निघाले नसते तर ते बाहेर कुणी मानलं असतं का, हाही प्रश्न आहे. पण गावात उपोषणाच्या मांडवाशिवायही घरं आहेत, वावरं आहेत, मोसंबीच्या बागा आहेत, आणि त्यांचे फोटो काढायला कुणी येत नाही.

आणि येतात तेव्हा कसे येतात? इथं मला हौशी क्लबांबद्दल एक तक्रार आहे, मघाशी एवढं कौतुक केलं तरी. खेड्यात फोटोसहल म्हणजे सुरकुतलेली म्हातारी, चुलीचा धूर, नागडं पोर, मातीची भिंत. दिवेघाटातली वारी, जेजुरीचा भंडारा, भिगवणचे रोहित, हे ठरलेले धडे झाले आहेत. एकाच्या खांद्यावरून दुसरा कॅमेरा लावतो. देशात फोटोग्राफी क्लबांचा महासंघ १९५३ पासून आहे, त्याच्या थोडं आधी १९५० मध्ये जागतिक महासंघ झाला. त्यांच्या मान्यतेच्या प्रदर्शन स्पर्धांना सलोन म्हणतात. किती सलोनमध्ये किती फोटो स्वीकारले गेले ह्याच्या हिशोबावर नावापुढं लावायच्या पदव्या मिळतात. त्यातून शिस्त आली हे खरं. निसर्ग विभागाचा त्यांचा नियम मला फार आवडतो: फोटोत काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. पण हिशोब आला की साचाही येतो. जे एकदा स्वीकारलं गेलं तेच लोक पुन्हा काढतात. आपल्याकडच्या भाषणस्पर्धांचं झालं तसंच. हातवारे पाठ, शेर पाठ, आणि पोरगं काय म्हणतंय ते कुणी ऐकत नाही.

पक्ष्याच्या बाबतीत क्लबवाले आता जपून वागतात. घरट्याजवळ जाऊन काढलेले फोटो बऱ्याच स्पर्धा घेत नाहीत, कारण पक्षी पिलं सोडून जातो. मग घरात झोपलेल्या माणसाचं काय? त्या म्हातारीला कुणी विचारलं का, तिच्या हातात फोटोची एक प्रत कुणी नेऊन दिली का? आमच्या मराठवाड्याचे फोटो फार जुन्या काळापासून निघत आलेत. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता, तो १९८१ ला वेगळा झाला. त्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या १८९९-१९०० च्या दुष्काळी मदतकार्याचे फोटो निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओनं काढलेले आहेत. फोटो उत्तम आहेत. त्यातली हाडाची काडं झालेली माणसं कोण, कुठल्या गावची, ते आज कुणाला विचारायचं?

मला वाटतं, त्या आईनं मला हेच विचारलं होतं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. तिच्या मुलीनं काढलेला फोटो बाहेरच्यानं काढलेल्या फोटोपेक्षा वेगळा होता, कारण ती त्याच घरातली होती, दार न उघडण्याइतकी माया तिच्याकडं होती. मी मात्र तो टीव्हीवर लावताना बाहेरचीच झाले. मला घरी जाऊन एकदा विचारता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं.

तर आता माझ्या सूचनेत तीन वाक्यं असतात. फोटो तू स्वतः काढलेला असावा. फोटोत माणूस किंवा घर असेल तर त्यांना विचारलेलं असावं. कुठं, कधी आणि का काढला, ते तुझ्या भाषेत लिहून आणावं. 'सुंदर' हा शब्द काढून टाकला आहे. पहिला, दुसरा, तिसरा काढायचाच असेल, आणि केंद्रावर-तालुक्यावर पाठवायचं म्हटलं की तो काढावाच लागतो, तर तो बोलून झाल्यावर काढतो आणि कारण सांगून काढतो. स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. लेकरांना नंबराची ओढ असते, आपल्यालाही होतीच की. पण तालुका पातळीवर फोटोच्या, चित्रांच्या स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की परीक्षकांना बंद खोलीत बसवू नका. अर्धा तास लेकरांसमोर उभं करा. भाषणं थोडी कमी करा, तेवढा वेळ निघतो. आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी जे हौशी फोटोग्राफर असतील त्यांना बोलवा. ती माणसं मानधनासाठी अडून बसत नाहीत असा माझा तरी अनुभव आहे. खेड्यात फोटोसहलीला येता, तेव्हा एक दिवस शाळेतही या. येताना मागच्या वेळी काढलेल्या फोटोंच्या प्रती घेऊन या.

पालकांना एकच सांगते. मोबाईल लेकरांच्या हातात देऊ नका असं आम्हीच सांगतो आणि फोटोसाठी द्या असंही आम्हीच सांगतो, हे मला कळतं. तास-दोन तास नको, पाच मिनिटं द्या, शेजारी बसून द्या. आणि काढलेला फोटो बघून 'छान' म्हणून सोडून देऊ नका. विचारा, हे का काढलंस?

स्टुडिओवाल्या दादांनी सतराही फोटोंच्या प्रती काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. कापसाच्या फोटोची प्रत मी स्वतः घेऊन त्या घरी गेले. कापूस अजून होताच, आधीपेक्षा थोडा खाली बसलेला. माझं चुकलं म्हणाले. आईनं प्रत हातात घेतली, उजेडाला धरली, बराच वेळ धाकटीचा हात कुठं आहे ते शोधत होती. मग मोठीला म्हणाली, "पुढच्या टायमाला सांगून काढ. केस तरी विंचरते तिचे."